अंबाड्यावरचं हेल्मेट आणि जबलपूर ते नागपूरचा वारा

सीमेवर लढाई सुरू झाली तेव्हापासून आमच्या जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुट्टी हा शब्दच बंद होता. बारा बारा तास ड्यूटी, रविवारसुद्धा. लढाईचा आवाज थोडा निवला तेव्हा फोरमननं चार दिवस दिले. मी म्हटलं, चलो, नागपूरला विनूकडे. विनू माझा धाकटा भाऊ. आणि जायचं ते माझ्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलवरच, ट्रेननं नाही.

भांडण इथूनच सुरू झालं. माझा डावा कान कमी ऐकतो. वीस वर्षं मशीनपाशी उभी आहे, दुसरं काय होणार. पण डॉक्टरनं मोटरसायकलच्या वाऱ्यालाही दोष दिला आणि नेमकं ते विनूनं धरून ठेवलं. फोनवर म्हणाला, "ताई, ये तू गाडीवर. पण उतरल्यावर कानात घुंई घुंई असली ना, तर गाडी इथंच राहील. तू ट्रेननं परत जायचं."

"आणि गाडी चालवणार कोण?"

"मी हाये ना."

त्याला माझी काळजी होती, हे खरं. त्याची स्कूटर म्हातारी झाली होती, हेही खरं. मी रागात हो म्हटलं. शब्द दिला तो दिला.

साठच्या वर गेलं की हेल्मेट डोक्यावर थडथड वाजतं आणि मान दुखते, हा त्रास जुना. निघायच्या आधी गोहलपुरला रईस भाईकडे गेले. माझ्या गाडीला हात लावणारा तोच एक मिस्त्री.

"दीदी, ऐसा ऊँचा काँच लगा देता हूँ कि हवा सलाम करके ऊपर से निकल जाए."

हँडलपुढचा जुना छोटा काढून हा लावला. नाकापर्यंत उंच, जाड, पारदर्शक. मला आवडला. जितकी आड मोठी तितकं माणूस सुरक्षित, हेच आम्ही फॅक्टरीत शिकलो.

घरून, अधारतालहून सकाळी सहाला निघाले. टाकी फुल्ल, कानात फॅक्टरीतले स्पंजचे बुच, मागे खोव्याची जिलेबी बांधलेली. पावणेतीनशे किलोमीटर, लखनादौन, सिवनी, खवासा, मग नागपूर. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत आहे, बायांनो, त्याची भीती नका बाळगू. भीती बाळगा वाऱ्याची.

बरगी सोडलं, ऐंशी केली, आणि हेल्मेट असं वाजायला लागलं की कोणी दोन्ही हातांनी डबा बडवून राहिलं. आधीपेक्षा जास्त! बुचानं वाऱ्याची शिट्टी कमी झाली, पण हा ठोका थेट हाडातून आत. डोळ्यांपुढे रस्ता थरथरत होता. काच मोठा लावून त्रास वाढला काहून?

मला राग आला, पण रागापेक्षा जास्त नवल वाटलं. रिकामा सरळ रस्ता बघून मी टाकीवर वाकले. ठोका बंद! एकदम घरात बसल्यासारखं. मग पायदानावर थोडी उभी राहिले. वारा छातीवर धाडकन आला, पण ठोका पुन्हा बंद. बसले की सुरू. तीनदा करून पाहिलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं असेल, बाई गाडीवर उठाबशा काढून राहिली.

धूमाच्या ढाब्यावर पोहे खाता खाता डोक्यात बसलं. काचेच्या वरच्या काठावरून वारा फुटतो. तो फुटलेला वारा जिथं आदळतो तिथंच माझं डोकं. आधी छोट्या काचेचा वारा छातीवर यायचा, रईस भाईनं तो उचलून माझ्या टाळक्यावर आणून ठेवला. ढाबेवाल्याकडून दहाचा पाना मागितला, चार बोल्ट काढले.

"काँच यहीं छोड़ जाओगी, दीदी? टूट गया तो?"

"टूट गया तो अच्छा. नहीं टूटा तो लौटते में ले जाऊँगी."

आता वारा सरळ अंगावर. जोर लागतो, पण एकसारखा. ठोका अर्ध्यावर आला. अर्ध्यावरच. हेल्मेट अजून मान डोलवतच होतं. मी सगळा दोष आडव्या वाऱ्यावर टाकला आणि सिवनी मागे टाकली.

पुढे पेंचचं जंगल लागतं. तिथं रस्ता पुलावर चढवला आहे, खालून जनावरं जातात. दोन्ही बाजूला माणसापेक्षा उंच पत्र्याच्या भिंती, गाड्यांचा आवाज आणि उजेड जंगलात जाऊ नये म्हणून. या भिंतीत शिरलं की आडवा वारा जसा कोणी बटण दाबून बंद केला. तुम्ही गेलात तर लक्ष ठेवा, भिंत संपते तिथं वारा एकदम बाजूनं धक्का देतो. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा.

पण मला खरं कळलं ते भिंतीच्या आत. आडवा वारा बंद, तरी हेल्मेट डोलतंच आहे. म्हणजे दोष त्याचा नाही.

खवासाला चहावालीच्या टपरीवर थांबले. हेल्मेट न काढताच चहा मागितला. ती माझ्याकडे बघून हसायला लागली.

"हँसती काहे को हो?"

"तुम बोलती हो तो टोपा अलग हिलता है, मुंडी अलग."

आरशात पाहिलं. खरंच! आणि मला एकदम माझाच अंबाडा आठवला. फॅक्टरीत केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून वीस वर्षं अंबाडा घालून वर टोपी. हेल्मेट घ्यायला गेले तेव्हाही अंबाड्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट, आणि डोकं शिरेल असं मोठ्यातलं मोठं घेऊन आले! डोक्याचं माप घेतलंच नव्हतं, अंबाड्याचं घेतलं होतं.

तिथंच अंबाडा सोडला, स्कार्फ काढला, खाली वेणी घातली. हेल्मेट घातलं तर डोळ्यांवर आलं. आत एक संत्रं मावलं असतं. चहावाली म्हणाली, "तौलिया ठूँस लो." नाही. पडलं तर टॉवेल डोकं वाचवत नाही. पुन्हा अंबाडा बांधला, पट्टा आवळला, आणि नागपूरपर्यंत पन्नासच्या वर गेलेच नाही. ट्रकच्या मागे राहिलं की त्याचा घाणेरडा वारा डोक्यावर घिरट्या घालतो, म्हणून त्यांना पुढं जाऊ दिलं.

विनू फाटकातच उभा. नमस्कार नाही, पाणी नाही.

"वाजून राहिले का कान?"

खोटं बोलणं सोपं होतं. डाव्या कानात बारीक शिट्टी सुरूच होती. मी म्हटलं, "हो."

त्यानं हात पुढं केला. किल्ली दिली. हातात हलकं वाटलं आणि आतून वाईट. जेवताना ताटातली पाटोडीची भाजी उकरत बसले.

मग आठवलं. "विनू, फॅक्टरीत मालाचा लॉट फेल झाला तर आपले बाबा काय करायचे?"

बाबा त्याच फॅक्टरीत तपासणीला होते. आम्ही दोघं फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, तपासणीचे नियम त्यालाही पाठ.

त्यानं तोंड वाकडं केलं. "दोष सापडला असंन तर दुप्पट सॅम्पल घेऊन पुन्हा एकदा तपासणी."

"सापडला आहे. डोक्यावर होता."

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला गेले. दुकानदारानं फीत घेऊन कपाळावरून माप घेतलं आणि दोन नंबर लहान हेल्मेट काढून दिलं. गालांवर घट्ट, पट्टा लावून हलवलं की कातडी हलली पाहिजे, हेल्मेट नाही. खिशाला लागलं, पण मान एकच आहे.

दुप्पट म्हणजे रामटेकपर्यंत दोन फेऱ्या, सकाळी एक, दुपारी एक, आणि तपासनीस विनू मागच्या सीटवर. वेणी जॅकेटच्या आत. ऐंशीला विनू ओरडला, "ताई, हळू!" मी हळू केलं नाही. हेल्मेट जागचं हललं नाही. वारा नुसता वाहत होता, नदीच्या पाण्यासारखा, एकाच आवाजात.

दुसऱ्या फेरीहून परत आल्यावर विनूनं किल्ली पुन्हा आपल्या खिशात टाकली आणि मी बुच काढले. कान वाजून राहिले का, हे त्यानं विचारलंच नाही. मला माहीत होतं, मी कसंही हो-नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसणार नाही. मला उजवा कान झाकायला लावून तो माझ्या मागे गेला, डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, आणि अगदी हळू काहीतरी बोलला.

मी वळून म्हटलं, "नाही देत."

तो बोलला होता, "गाडी दे." त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "माझ्या स्कूटरलाही एक चांगला मिस्त्री पाह्यजे."

परतीला धूमाहून काच उचलला. तुटला नव्हता. घरी खिडकीवर पापडांना आड म्हणून लावला आहे, छान काम देतो. रईस भाईला सगळं सांगितलं तर म्हणाला, "दीदी, काँच तो सही था, मुंडी गलत जगह थी." त्याला कोण समजावणार.

नंतर फॅक्टरीच्या दवाखान्यात कानाची तपासणी झाली. डावा कान जितका कमी होता तितकाच आहे. चांगला झाला नाही, खाली गेला नाही. मशीननं नेलं ते मशीनकडेच राहिलं. गाडीनं काही नेलं नाही.

आता रोज ड्यूटी सुटली की गेटच्या बाहेर गाडीपाशी उभी राहून मी अंबाडा सोडते, वेणी घालते, मग हेल्मेट. परवा गेटवरचा शिपाई म्हणाला, "दीदी, कहीं दूर जा रही हो क्या?"

जात होते दुधाला. पण तो म्हणाला तर पेट्रोलचा काटा पाहिला.

फुल्ल होता.