काकासाहेबांचा अंदाज

त्या बाभळीपासून या बांधापर्यंत किती, असं कुणी गंमत म्हणून विचारलं, तर करमाडचे काकासाहेब मान जराशी तिरकी करत आणि आकडा सांगून टाकत. एकशे बारा फूट. विचारणारा टेप घेऊन खात्री करायला गेला, की स्वतःच तोंडघशी पडायचा. पाइपलाइन टाकायची असो की भावाभावांची वाटणी, आसपासच्या गावांतली माणसं आधी काकासाहेबांना बोलवत आणि मग टेप शोधत. बाकी त्यांना फार काही येत होतं अशातला भाग नाही. शाळा सातवीपर्यंत, शेती बेताची, भजनात आवाज लागत नसे. देवानं एवढी एकच गोष्ट सढळ हातानं दिली होती. ज्याला एकच गोष्ट येते तो तिला किती जपतो, हे चार गोष्टी येणाऱ्यांना कळायचं नाही.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात शहरातल्या सोसायट्यांचे बोअर आटले. काकासाहेबांच्या विहिरीला मात्र, कसं कोण जाणे, दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील इतकं, पाणी टिकून होतं. टँकर भरून जायचे. आपलं पाणी जातं तरी कुठं ते बघू, म्हणून एका रविवारी ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि शहरात, गारखेड्यात उतरले. सोसायटीचे सेक्रेटरी हेमचंद्र, पाटबंधारे खात्यात नकाशे काढून रिटायर झालेले गृहस्थ, त्यांना आग्रहानं चहाला वर घेऊन गेले.

वरती हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर भलीमोठी प्लायवूडची फळी टाकलेली, फळीवर थर्माकोलच्या टेकड्या, आणि टेकड्यांवर शिशाचे इंच इंचभर सैनिक. रंगवलेले, पगड्यांसकट. एकीकडं निजाम, दुसरीकडं पेशवे, मध्ये खर्ड्याचं रान. पासष्टीचा, पेन्शन खाणारा शहाणासुरता माणूस दर रविवारी घरात लढाई मांडून बसतो हे बघून काकासाहेबांना आधी वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असणार.

हा खेळ जगभर खेळला जातो म्हणे. हेमचंद्रांकडं त्याचं चाळीस वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्यातले नियम त्यांनी ऑफिसच्या टाइपरायटरवर स्वतः मराठीत उतरवले होते. पुढं नवे नियम आले, सोपे आले, पण हेमचंद्र जुन्याला धरून होते. त्या जुन्या नियमांत तोफेची एक अट होती. तोफ डागणाऱ्यानं आधी नुसत्या नजरेनं अंतर सांगायचं, इंचांत. मग टेप लावायची. आकडा एका इंचाच्या आत आला तर गोळा लागला, नाहीतर मातीत गेला. नव्या नियमांत आधी मोजायला परवानगी होती. आधीच मोजायचं तर तोफ कशाला, कारकून ठेवा, असं हेमचंद्र म्हणत, स्वतः जन्मभर कारकुनी केलेली असूनही.

त्या दिवशी तोफेचं अंतर हेमचंद्र म्हणत होते एकतीस. समोर खेळणारा मिहिर, शेंद्र्याच्या कारखान्यातला इंजिनियर, हटून बसला होता अठ्ठावीसवर. दारात चपला काढता काढता काकासाहेब म्हणाले, "सव्वीस." टेप लावली. सव्वीस.

झालं. त्या रविवारपासून तोफखाना काकासाहेबांचा. खेळाचं बाकी त्यांना काही कळत नसे, घोडदळ कुठून वळवावं यात ते पडत नसत. त्यांनी फक्त आकडा सांगायचा आणि हेमचंद्रांनी टेप धरायची. हेमचंद्र टेपच्या बाबतीत महा खडूस. पाव इंचावरून एकदा मिहिरशी त्यांची अशी जुंपली, की त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई आणलेला चहा परत आत घेऊन गेल्या. स्वतःचंच अख्खं पथक पाव इंचानं मेलं, तेव्हा ते त्यांनी निमूटपणे उचलून डब्यात ठेवलं. काकासाहेबांना हा माणूस भारी आवडायचा.

पुढच्या वर्षी जमीन गेली. नवी कारखानदारी यायची होती, रुंद रस्ते यायचे होते. तीन पायांचं यंत्र घेऊन पोरं मोजणीला आली. काकासाहेब बांधावर उभे राहून म्हणाले, अकरा गुंठे कमी धरताय. पोरांनी कागद दाखवला. कागदापुढं डोळ्याला कोण विचारतो? विहिरीत मुरूम पडला. मोबदला चांगला मिळाला, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. शहरात उस्मानपुऱ्यात फ्लॅट झाला, पत्नी चतुराबाईंना मोठा टीव्ही आला, मुलगी तनुजा तिथूनच बँकेत जाऊ लागली. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीची भिंत साडेअकरा फुटांवर होती. ते काकासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सांगायला काही उरलं नाही.

उरला तो रविवार. आठवड्यातनं एकदा, त्या फळीपाशी, कुणीतरी त्यांना विचारायचं, त्यांनी सांगायचं, आणि टेप म्हणायची की हा माणूस खरं बोलतोय. तेवढ्यावर ते उरलेले सहा दिवस काढत.

सोळा सालच्या दुष्काळात, होळीच्या सुमारास, एका सकाळी त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तो बशीच्या बाहेर पडला. मग जिन्याची शेवटची पायरी चुकली. तनुजानं डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. साखरेनं उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा डोळा आता गेला, दुसरा जपा. जिना उतरताना कठडा धरत जा, एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. काकासाहेब रिक्षात बसले. मग त्यांनी तनुजाला शपथ घातली, की ही गोष्ट गारखेड्यात कळता कामा नये.

घरी कुणी नसताना ते फरशीवर काडेपेटी ठेवत, लांब उभे राहत, आकडा सांगत आणि टेपनं मोजत. कधी सहा इंचांनी चुके, कधी दहा. आधी पाव इंच चुकला तर झोप न येणारा माणूस हा. त्यांनी काडेपेटी दोनदा भिंतीवर फेकून मारली आणि दोनदा उचलून परत ठेवली. चार रविवार ते गेले नाहीत. कधी लग्न सांगितलं, कधी ताप. पाचव्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की न गेल्यानं आपण तसेही मरतोच आहोत. मग जाऊनच काय व्हायचं ते होऊ दे.

मे महिन्यातला तो रविवार. पाणी चौथ्या दिवशी आलेलं, त्यामुळं हेमचंद्रांच्या घरात बादल्या, पिंप, पातेली सगळी भरलेली, पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी काकासाहेबांचं स्वागत जरा जास्तच केलं. मिहिर दर रविवारी नव्या नियमांचं टुमणं लावायचा, आज तोच आपणहून म्हणाला, की काका, आपले जुनेच नियम बरे. काकासाहेबांना बरं वाटलं. त्यांनी तोफ पुढं सरकवली.

समोर मिहिरचं घोडदळ उभं होतं. फळी त्यांना कागदावरच्या चित्रासारखी सपाट दिसत होती. त्यांनी सवयीनं मान तिरकी केली आणि म्हणाले, "चोवीस."

हेमचंद्रांनी टेप लावली, वाकून पाहिलं. "चोवीस. लागला."

काकासाहेबांच्या अंगातून जे काही सरसरत गेलं ते शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टरला काय कळतं? काडेपेटीचं सोडा, तो खेळ थोडाच होता. इथं माणसं समोर होती, लढाई होती, इथं डोळा बरोबर चालला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी उपरण्यानं पुसलं, आणि डागलेल्या तोफेच्या तोंडाशी धुराचा म्हणून कापसाचा बोळा ठेवायला ते फळीवर वाकले. तिथून पडलेला घोडेस्वार उचलायला त्यांनी हात पुढं टाकला.

हाताला सवय होती. शेतावर टेप नसताना आयुष्यभर ज्या हातानं मोजलं तो हात, कुणी न सांगता, वीत टाकत गेला. एक वीत. दुसरी वीत. आणि बोट घोड्याला लागलं. दोन विती म्हणजे अठरा इंच.

त्यांनी पुन्हा एकदा, बोळा नीट करायच्या निमित्तानं, वीत टाकली. अठराच.

ते खुर्चीत बसले. तेवढ्यात सरोजिनीबाई चहा घेऊन आल्या, आणि कप त्यांच्या अगदी हातात देत मायेनं म्हणाल्या, "काकासाहेब, दुपारचे थेंब घातलेत ना डोळ्यांत?"

म्हणजे तनुजानं शपथ मोडली होती. बिचारीनं सरोजिनीबाईंना फोन केला असणार. अण्णा जेवत नाहीत, बोलत नाहीत, काकू, तुम्हीच काहीतरी करा. आणि या चांगल्या माणसांनी बसून ठरवलं असणार. काकासाहेबांना तिचा राग आला नाही, कुणाचाच आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, उठून जाता आलं असतं. मोजणीच्या पोरांनी त्यांना अकरा गुंठ्यांनी खोटं ठरवलं तेव्हा ते रविवारपर्यंत थांबले होते, रविवारी टेपनं त्यांना खरं ठरवलं होतं. आता कुठल्या वाराची वाट बघायची?

तरीही मन मोठं चिवट असतं. त्यांना वाटलं, हेमचंद्रांचीच नजर चुकली असेल. वय झालंय, चष्मा जुना आहे. हा खडूस माणूस टेपशी बेइमानी करायचा नाही. एकदा बघूनच घ्यावं.

पुढच्या डावात मिहिरचं पायदळ तोफेच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. वीतभर अंतर, आंधळ्यालाही चाचपून सांगता आलं असतं. काकासाहेबांनी मान तिरकी केली नाही. ते सरळ हेमचंद्रांच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "चाळीस."

पंखा फिरत होता. मिहिर स्वतःच्या कपात बघू लागला. सरोजिनीबाई पाण्याचं काहीतरी आठवून आत गेल्या. हेमचंद्रांनी टेप बाहेर ओढली आणि अंगठ्यानं दाबून धरली. ते वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. पुन्हा ताठ झाले तेव्हा त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता.

"चाळीस," ते म्हणाले. "लागला."

मिहिरनं आपले सहा शिपाई उचलले आणि डब्यात ठेवले.

काकासाहेबांना हेमचंद्रांचीच दया आली. हा माणूस जन्मात पाव इंच खोटं बोलला नव्हता, त्याला आज आपल्यापायी हे करावं लागलं, आणि आता दर रविवारी करावं लागणार. आपण यायचं थांबलो तर यांना वाटेल आपल्याला कळलं. येत राहिलो तर हे असं. त्यांनी दोन्हीकडून विचार करून पाहिला, आणि दोन्हीकडून तो तिथंच येऊन थांबला. "व्हय," ते म्हणाले, "लागला. आज लई दिवसांनी हात बसला बघा, हेमचंद्रराव."

सगळे हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. काका, पुढचा डावही तुमचाच, मिहिर म्हणाला.

काकासाहेबांनी फळीकडं न बघताच आकडा सांगितला.