टॅनर साहेबांचं आडनाव

इथे आखातात, अल कुसैसच्या एका दुकानात मुलीसाठी बॅग बघताना चामड्याचा वास आला आणि फुजैराचं जुनं घर आठवलं. तिथे एकदा माझे इंग्रज साहेब चहाला आले होते. बाबांना म्हणाले, "टॅनर म्हणजे कातडी कमावणारा. आमचे पूर्वज वासामुळे गावाबाहेर राहायचे. धंदा गेला, आडनाव राहिलं."

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी विचारलं, "बदललं नाहीत?"

"कशाला?" साहेब हसले.

आजोबाही कातडीच कमवायचे. बाबांनी मात्र शाळेतच गावाचं नाव लावून घेतलं होतं.

"आपलं सांगू यांना?"

"यांना सांग," बाबा हळूच म्हणाले. "शेजारच्या मराठी मंडळींना नको."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आजही इथल्या मराठी मंडळात कुणीतरी विचारतं, "आडनावावरून कळत नाही हो, तुम्ही नक्की कोण?"

मी गावाचं नाव सांगतो.