जाळावर धरलेली हलगी

आबांनी हलगी माझ्या मांडीवर टाकली. हातातला चहा पँटवर सांडला.

"इचारतुयास काय, वाजव की! तुज्या बापाचा हात पलस्तरात हाय. यंदा मान तुजा."

देवळाच्या ओवरीत हशा पिकला. घाबरून मीही हसलो.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो. डॉक्टरेट झाली, नोकरीत नवाच आहे. देवळांनी पूर्वी जमीन, पाणी आणि माणसांची सेवा कशी बांधून ठेवली, हा माझा अभ्यास. त्यासाठी जत्रेला इंदापूर तालुक्यातल्या माझ्याच गावी विश्वस्तांना भेटायला आलो. बसायला खुर्ची मिळाली आणि फुगलो. मुख्य विश्वस्त आबांना विचारलं, पालखीपुढं हलगी मांगवाड्यातल्या एकाच घरानं पिढ्यान्‌पिढ्या का वाजवायची? ते घर आमचंच, हे जसं काही आबांना ठाऊकच नव्हतं!

याच सेवेला मी एका परिषदेत 'परस्परांच्या फायद्याचा करार' म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. आता पालखी खोळंबलेली, गाव बघतंय आणि करार म्हणणाऱ्याच्याच मांडीवर हलगी.

पायरीखाली बसलेले दादा, माझे वडील, पुटपुटले, "वाजव रं लेका. तू जाशील पुण्याला. मला हितंच ऱ्हायाचंय."

खरं होतं. आमच्या वस्तीची वाट आबांच्या उसातून जाते. धाकट्या भावाची लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी आबांच्याच शब्दावर लागलेली.

उठलो. हलगी आधी जाळावर शेकतात. कातडं ताणतं, आवाज चढतो. लहानपणी दादांना शेकून द्यायचो. पण आता भीतीनं आच कळेना. शेकतच राहिलो. जितकं शेकीन तितकं वाजवणं लांबेल! फट्‌. कातडं मधोमध फाटलं.

"डाक्टरानं देवाची हलगी भाजून खाल्ली!" कुणीतरी ओरडलं. गाव लोटपोट. मला हायसं वाटलं. वेंधळेपणानं वाचवलं.

"दुसरी आणा रं," आबा म्हणाले.

दुसरी आली. मी हात मागं घेतले, तर दादा उठले. प्लास्टरातला हात पुढं करून. त्या मोडक्या हातानं वाजवणार होते.

मी मध्ये शिरलो. हलगी घेतली, आबांच्या पायाशी ठेवली.

"का रं? हीबी फोडशील म्हून?"

'व्हय' म्हणालो असतो, तर सगळे हसले असते. सुटलो असतो.

"नाही आबा. फुटणार नाही. तरी वाजवणार नाही."

कुणी हसलं नाही. आबा दादांकडं वळले. "किसना, उसातनं जपून जा."

पालखी हलगीशिवाय उठली.

तेव्हापासून धाकट्याचा फोन आला की आधी नोकरी आहे ना, ते विचारतो. परिषदेतलं ते वाक्य मी खोडलं. नाही म्हणायची सोय नसते, तिथं करार नसतो.

पुढच्या जत्रेला जाणार आहे. घाबरतच. पायरीवर दादांच्या आधी मी बसणार. हलगीला त्यांच्या हातापर्यंत जायचं, तर मला ओलांडून जावं लागेल. आणि मी उठणार नाही.