दिवा लागल्यावर

आखाती देशात, आमच्या रुवीतल्या गेमच्या दुकानात एक मशीन होतं. दिवा लागताच कमरेला लावलेलं खेळातलं पिस्तूल उपसून चाप ओढायचा. लागलेला वेळ आकड्यात दिसे. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यासाठी भारतात जाण्याआधी निदान एवढं तरी चटकन जमावं, म्हणून घरी आरशासमोर फूटपट्टी उपसून सराव केला. तरी दोन सेकंद!

दुकान सांभाळणारे रत्नागिरीकडचे चाचा दर खेळानंतर पिस्तूल सदऱ्याला पुसत. एकदा ते माझ्या हातून निसटलं. चाचांनी हातातला चहा न सांडता झेललं.

"अरे बाबा, तू दिवा लागल्यावर इचार करतोस. इचार आदी करून ये."

परवा इथे कॉलेजच्या वर्गात मी तेच केलं. सर वळताच हात वर.

"बोल," सर म्हणाले.

त्यांनी अजून प्रश्न विचारलाच नव्हता.