बाईंनी माफ केलं नाही

आमच्या बाई शुद्ध मराठीत बोलत असल्या की भ्यायचं कारण नसे. त्या वऱ्हाडीत उतरल्या की मात्र समोरच्यानं सांभाळावं. अकोल्याच्या कॉलेजात त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. पुढे मी महापालिकेत इंजिनिअर झालो, तरी त्या मला वर्गातल्यासारखंच दटावत.

त्यांची धाकटी बहीण कचरा डेपोमागच्या वस्तीत राहायची. तिला दमा. एका उन्हाळ्यात डेपो पेटला तो धुमसतच राहिला. बाई स्वच्छता विभागाच्या साहेबांकडे गेल्या. मान वर न करता साहेब म्हणाले, "खिडक्या लावून घ्यायला सांगा तिला." पावसाळ्याआधीच बहीण गेली. मी भेटायला गेलो तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "मी इसरत नाही."

काही वर्षांनी शहराच्या कचऱ्याचं कायमचं काय करायचं, हे ठरवायला समिती नेमली गेली. कचरा जाळून वीज करणारी भट्टी घ्यावी, की ओला कचरा कुजवून गॅस करावा? तज्ज्ञ म्हणून बाई आल्या. कामकाज माझ्याकडे होतं. भट्टीवाल्या कंपनीचे सल्लागार होते तेच साहेब, आता निवृत्त. पहिल्याच बैठकीत बाईंनी बहिणीची हकिगत सगळ्यांसमोर सांगितली. साहेबांना काहीच आठवत नव्हतं.

"बाई, लोक याला सूड म्हणतील," मी नंतर म्हणालो.

"सूडच आहे. पण सूड अभ्यास करून घ्या लागते. नाही तर तो नुसता राग असते."

आणि त्या खरंच अभ्यासाला बसल्या. गॅसवाल्यांनाही त्यांनी घाम फोडला. साहेबांनी परदेशातल्या झकपक भट्टीचे फोटो दाखवले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथला कचरा कोरडा. तुमी आमचा जाळून दाखवा."

कंपनीच्या चाचणीच्या भट्टीवर भाजीबाजारातल्या कचऱ्याचा ट्रक आम्ही थेट रिकामा केला. सडकी कोबी, संत्र्याची सालं, वरून पावसाचं पाणी. डिझेल ओतलं तोवर जाळ, थांबलं की नुसता धूर. तो आमच्याच अंगावर आला. साहेब खोकत गाडीत शिरले. बाई गाडीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काच लावून घ्या, साहेब." साहेबांचा चेहरा उतरला. त्या घटकेला त्यांना सगळं आठवलं असावं.

कंपनीनं साहेबांना काढलं. समितीच्या अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "आता तर भट्टीला हरकत नाही ना?"

"माणूस गेला म्हणून कचरा वाळला काय?"

शेवटी गॅसचा प्रकल्प ठरला.

पुढे बाई आजारी पडल्या, अमरावतीला भाच्याकडे राहिल्या. मी बसलेलो असतानाच एकदा साहेब आले. थकले होते. उभ्यानंच हात जोडून म्हणाले, "बाई, माफ करा मला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही करत," त्या म्हणाल्या. मग भाचेसुनेला हाक मारली, "यायले चहा दे."

साहेबांनी चहा घेतला.

थोड्याच दिवसांत बाई गेल्या. स्मशानात साहेब एकटेच मागे उभे होते. निघताना त्यांनी मला नमस्कार केला. माझा हात अर्धा वर आला होता. मी तो खाली घेतला आणि पुढे चालू लागलो.