गुन्हा नाकबूल

कोर्टात सायकलवाल्यांची रांग भराभर सरकत होती. नाव पुकारलं की माणूस "कबूल" म्हणे, दंड भरे आणि कामावर पळे. मी मात्र ऐटीत "नाकबूल" म्हणालो. चौकात हवालदाराने हात दाखवला तेव्हा मी थांबलो होतो, तरी त्याने चारचौघांत "आंधळा आहे का बे?" म्हणून माझ्यावर न थांबल्याचा खटला भरला. मला त्याला खोटं पाडायचं होतं.

साक्षीदार म्हणून साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, रजा टाकायला लावून आणलं होतं. आमचं लग्नाच्या पंगतीपासून जमत नव्हतं, पण पाहणारा तोच एक. हवालदार आम्हा दोघांकडे खाऊ की गिळू असा बघत होता.

साळा ठणकावून बोलला, "साहेब, भाऊजी थांबले होते. मी मांगंच कॅरिअरवर बसून होतो. मले सगळं दिसून राहिलं होतं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. "म्हणजे डबलसीट?"

हवालदार पहिल्यांदाच हसला. मी थांबलो होतो हे साहेबांनी मान्य केलं आणि डबलसीटचा दंड ठोकला. या वेळी मी मुकाट्याने "कबूल" म्हणालो.

बाहेर येताच मी खेकसलो, "कॅरिअरचं काहून सांगितलं बे?"

"खरं सांगाले आणलं होतं नं? मंग घरी खोटं शिकवून आणाचं!"

फाटकाशी तोच हवालदार उभा होता. त्यामुळे सिव्हिल लाइन्सपासून महालापर्यंत आम्ही सायकल मधे धरून पायी गेलो.

बायकोने दारातच विचारलं, "जिंकले का हो?"

तसा जिंकलोच होतो. पण साळा आत जाऊन तिला सगळं सांगेपर्यंत मी बाहेर कॅरिअर पुसत बसलो.