पाहुण्यांचा दिवस

मी रत्नागिरीला कॉलेजात निघाले त्या सकाळी मंडणगडच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या गालावरून हात फिरवला तो उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. शेजारी दुसऱ्या एका मुलीची आई तिच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून कानशिलावर बोटं कडाकड मोडत होती. आईने मला तसं कधीच केलं नाही. तिचे तळहात माणसाला लावण्यासारखे राहिलेच नव्हते.

आई काजू फोडायची. वाडीच्या खाली सडकेला पत्र्याची लांब शेड आहे, दारात रातांब्याचं झाड, तोच कारखाना. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते कातडं जाळतं. राख लावा, खोबरेल चोपडा, बोटं काळी पडतातच. मग कातडं निघतं, नवं येतं, तेही जातं. भात कालवताना झोंबायचं म्हणून आई चमच्याने जेवायची. वाडीतली पोरं मला चिडवायची, तुझी आई मोठी मडम गो, काट्याचमच्याने जेवते. बाबा मुंबईत एका कॅन्टीनला होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. बाकी वर्षभर घर चाललं ते त्या काळ्या बोटांवर. माझं कॉलेजही त्याच बोटांवर. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी सगळ्यांना सांगते, न विचारता सांगते.

हे लिहितेय ते वाडीत राहिलेल्यांसाठी, आणि मुंबईला, दुबईला, जिथं कुठं गेलात त्या सगळ्यांसाठी. कारण एक गोष्ट घडलीय, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुम्हाला पाहुण्यांचा दिवस आठवतो ना? वर्षातून एकदोनदा आई सकाळी म्हणायची, "आज कारखान्यात पाव्हनं येनार हायत. माका सुट्टी." मग आम्ही दोघी खाडीवर शिंपल्यांतले मुळे काढायला जायचो. गुडघाभर चिखल, टोपलीत खडखडणारे मुळे, आई गाणं म्हणतेय. त्या सुट्टीची मजुरी मिळायची नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली देवाला हात जोडायचे, रोज पाहुणे येऊ देत.

रत्नागिरीनंतर पुणे झालं, पुण्यानंतर हॅम्बुर्ग. इथं मी एका मोठ्या फूड कंपनीच्या सोर्सिंगमध्ये काम करते. म्हणजे सुकामेवा कुठून, काय दराने घ्यायचा ते आमचं डिपार्टमेंट ठरवतं. पहिल्या हिवाळ्यात हातमोजे विकत घेताना मी दुकानात हसत सुटले होते. या देशात नुसत्या थंडीसाठी प्रत्येक माणसाकडे दोन-दोन जोड्या.

ऑफिसात कॉफी मशीनच्या बाजूला भिंतभर पोस्टर आहेत. आमचा माल पिकवणारी, बनवणारी हसरी माणसं. रुजू झाल्यावर चारआठ दिवसांनी एका पोस्टरसमोर माझे पायच थांबले. पत्र्याची लांब शेड. दारात रातांबा. आमचाच कारखाना! आनंदाने ओरडणार होते. मग काजू फोडायच्या यंत्रावर बसलेल्या बाईकडे लक्ष गेलं. ती कारखान्याच्या मुकादमाची नवी सून. तिच्या लग्नात मी जेवले होते. तिच्या हातांवर मेंदी लालभडक.

काजू फोडणाऱ्या बाईच्या हातावर मेंदी टिकत नाही. कातडंच टिकत नाही, तिथं मेंदी कुठली?

कॉफी तशीच हातात राहिली आणि मला पाहुण्यांचा दिवस कळला. काळ्या हातांच्या बायका घरी, कोऱ्या हातांच्या बायका यंत्रावर. आणि ते पाहुणे म्हणजे आम्हीच. माझीच कंपनी.

माझी बॉस बिर्गिट. तिला नावानेच हाक मारायची असते, याची सवय व्हायला मला वर्ष गेलं. तिला मी सगळं सांगितलं, आईच्या हातांचा फोटो दाखवला. वरच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला की आपण काजूगर विकत घेतो, शेड नाही. शेडचं काय ते कारखान्याचा मालक, शेठ बघेल. मी म्हटलं, पोस्टरवर तर तुम्ही शेड लावलीय. बिर्गिटने त्याच आठवड्यात तिकिटं काढली. शेठला न कळवता.

आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा बायकांनी पटापट हात पदराखाली घेतले. आईने तर मान वरच केली नाही. ओळख दाखवली तर माझी हॅम्बुर्गची नोकरी जाईल असं तिला वाटलं, हे तिने मागाहून सांगितलं. शेवटी आमच्या शेजारच्या सुगंधाकाकीने तोंड उघडलं. "काय गो बाय, आज पाव्हन्यांचा दिस हाय? मंग आमी हितं कश्या?"

सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. बिर्गिटने विचारलं, काय म्हणाली. मी शब्दाला शब्द सांगितलं. बिर्गिट हसली नाही. काकीसमोर उकिडवी बसली आणि तिने स्वतःचे हात पुढे केले, दाखव म्हणून. काकीने आधी आईकडे बघितलं, मग पदरातून हात काढले. एकेक करून सगळ्यांनी काढले.

शेठ धावत आला. खोटं कशाला बोलू, तो काही राक्षस नाही. तो म्हणाला, "मॅडम, हातमोजे महाग नाहीत. पण दर वर्षी तुमचा मेल येतो, भाव कमी करा. बी झाडावरून स्वस्तात उतरत नाही. मग कमी कुठनं करू?" हेही मी शब्दाला शब्द सांगितलं. या वेळी खाली मान घालायची पाळी आमची होती.

नंतर हॅम्बुर्गला जे भांडण झालं ते इथं लिहीत नाही, मोठं आहे. शेवटी कंपनीने भाव वाढवून दिला, हातमोज्यांसाठी म्हणून. मी नाचतच घरी फोन केला. आई म्हणाली, "मोजं घालून हात चालत नाय गो. किलो भरत नाय. बायका काढून ठेवतात." मी डोक्याला हात लावला. किलोवर मजुरी असेल तर हात वाचवणारी बाई कमी कमावते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परत मीटिंग, परत भांडण. बिर्गिट सही न करता अडून बसली. काजू फोडणाऱ्या बायकांना रोजाने मजुरी, ती किलोच्या कमाईपेक्षा कमी नाही, आणि मोजे फाटले की नवे, हे सगळं करारात आल्याशिवाय माल उचलायचा नाही म्हणाली. करारात आलं.

यंदा गणपतीला गेले होते. आई हाताने जेवत होती. आमटीभात कालवून, बोटं चाटून. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "आमचं मडमपन गेलं बाय, आता तूच मडम." निघताना मंडणगडच्या त्याच स्टँडवर तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. लोक बघत होते. बघू देत.

घर कुठलं, असं इथं मला लोक विचारतात. वाडीचं नाव सांगून त्यांना काय कळणार? मी सांगते, पोस्टरवर आहे, जाऊन बघा. पोस्टर बदललंय. यंत्रावर आता सुगंधाकाकी बसलीय, कोपरापर्यंत मोजे घालून, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून.

गेल्या महिन्यात कारखान्यात पाहुणे आले होते. आई कामावर होती.